पोटफुगी : मोठ्या कुत्र्याच्या जिवावरचे दुखणे

(भोपाळ येथील अशोका गार्डन वसाहतीत मराठी कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



अशोका गार्डनमध्ये मी परका नाही. माझी थोरली बहीण याच वसाहतीत राहते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सरकारी दप्तरांबरोबर कित्येक मराठी कुटुंबेही इकडे आली. पुढे शेजारच्या भेल कारखान्याने आणखी काहींना बोलावून घेतले. या मंडळींच्या शिदोरीत गावाकडचे घरगुती उपायही आले. त्यांतील एका उपायाविषयी आज बोलावयाचे आहे.

मी पशुवैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून पशुपालकांसाठी पत्रके लिहिणे हे माझे काम आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्यास कारण आहे.

बहिणीच्या घरी ग्रेट डेन जातीचा कुत्रा होता. एके रात्री भरपेट जेवून तो अंगणात मनसोक्त धावला. थोड्याच वेळात तो अस्वस्थ झाला. एका जागी बसेना, सारखा पोटाकडे वळून पाही. ओकारीसाठी जोर करी, पण फेसाखेरीज काही पडेना. पोट ढोलासारखे ताणले होते. भाचीने मला दूरध्वनी केला आणि मी ठामपणे सांगितले, "गोडेतेल पाजा आणि जरा फिरवा." बैलाच्या पोटफुगीवर मी इतकी पत्रके लिहिली होती की दुसरा विचार मनात आलाच नाही. त्या उपचारात दीड तास गेला. दवाखान्यात नेईपर्यंत कुत्रा कोसळला होता आणि पहाटे तो गेला. घरच्यांनी सांगितले तेच केले. चूक सल्ला देणाऱ्याची होती.

गुरांची पोटफुगी वेगळी

पावसाळ्याच्या आरंभी कोवळा चारा किंवा लसूणघास अधिक खाल्ल्याने गुरांच्या पोटात फेसाळ वायू साठतो व डावी भकाळी फुगते. गोडेतेलाने तो फेस मोडतो. म्हणून तो उपाय शेतकऱ्यांत रूढ झाला आणि त्या ठिकाणी तो योग्यही आहे.

कुत्र्याचे तसे नाही. खोल व अरुंद छातीच्या थोराड कुत्र्याचे जठर वायूने फुगते आणि पुष्कळदा स्वतःभोवती पीळ घेते. पिशवीचे तोंड पिळून बंद करावे तशी अन्ननलिकेकडची आणि आतड्याकडची, अशी दोन्ही तोंडे बंद होतात. मग वायू बाहेर पडत नाही आणि पाजलेले औषध आत जात नाही. उलट ते श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते. फुगलेल्या जठराचा दाब मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. जठराच्या भिंतीला रक्त मिळेनासे होऊन ती मरू लागते. पिळाबरोबर प्लीहाही ओढली जाते. हा सारा अनर्थ काही तासांत घडतो.

ओळखावे कसे?

जोर करूनही ओकारी न होणे, ही सर्वांत मोठी खूण होय. त्याबरोबर तोंडातून लाळ गळणे, बेचैनी, बरगड्यांमागे पोट फुगणे, धाप लागणे, हिरड्या फिकट पडणे ही लक्षणे दिसतात. दाट केसांच्या किंवा अतिशय खोल छातीच्या कुत्र्यात पोटाची फुगवटी प्रारंभी लक्षात येत नाही. पोट फुगलेले दिसत नाही म्हणून थांबू नये.

त्या वेळी काय करावे?

तोंडावाटे काहीही देऊ नये. तेल, सोडा, पाणी वा माणसांचे औषध, सर्व वर्ज्य. घरी सुई टोचण्याचे धाडस करू नये. ताबडतोब वाहन काढावे आणि निघतानाच दवाखान्यास कळवावे, म्हणजे तेथे तयारी होते. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. परंतु या विकारात फिरत्या पथकाची वाट पाहत घरी बसणे योग्य नव्हे, कारण रुग्णास बहुधा शस्त्रक्रिया लागते.

दवाखान्यात शिरेवाटे द्रव देतात, नळीने किंवा जाड सुईने वायू काढतात आणि क्ष-किरण चित्रावरून पीळ आहे किंवा नाही हे पाहतात. पीळ असल्यास पोट उघडून जठर सरळ करतात व पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्के बांधतात. वेळेवर शस्त्रक्रिया झालेले बहुसंख्य कुत्रे वाचतात. केवळ वायू काढून घरी आणल्यास मात्र दुखणे पुन्हा उलटण्याचा मोठा धोका राहतो.

सावधगिरी

अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेट डेनला आयुष्यात हा विकार होण्याचा धोका सुमारे ३७ टक्के, तर रॉटवायलरला सुमारे ४ टक्के आढळला. म्हणून ग्रेट डेनसारख्या जातीत जठर आधीच बांधून घेण्याविषयी पशुवैद्यांशी बोलावे. नसबंदीच्या वेळीच हे काम होऊ शकते.

दिवसातून एकदाच भरपेट न घालता आहार दोन-तीन वेळांत विभागावा. अधाशीपणे खाणाऱ्यास सावकाश खाण्याची सवय लावावी. जेवणानंतर लगेच दौड टाळावी. भांडे उंच तिवईवर ठेवण्याचा सल्ला पूर्वी दिला जात असे, परंतु पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात त्याने धोका वाढल्याचेच दिसले. वय वाढते तसा आणि आईबापांस वा भावंडांस हा विकार झालेला असल्यास धोका अधिक असतो. पिलू घेतानाच ही चौकशी करावी.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन गोष्टी लिहून दाराजवळ लावा : रात्री शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा दवाखान्याचा क्रमांक, तेथे जाण्याचा रस्ता आणि अवेळी वाहन देईल अशा शेजाऱ्याचे नाव. जहांगीराबादचा सरकारी पशुचिकित्सालय तुम्हांस ठाऊक आहेच. रात्री कोठे कोण भेटेल, ही चौकशी मात्र दिवसा करून ठेवावी लागते.

बहिणीच्या घरी आता दुसरे पिलू आले आहे. दारामागे तो कागद लागला आहे. अक्षर माझ्या भाचीचे आहे आणि सर्वांत वर तिने लिहिले आहे : "तेल पाजू नये."