आगोटीचा हिशोब



'घरातली ऊर्जाबचत आणि अन्नाची साठवण' असा विषय मला या व्याख्यानमालेत दिला आहे. एरवी याचे दोन विषय होतात आणि दोन वक्ते येतात. एक जण एलईडीचे दिवे आणि पाच ताऱ्यांचा फ्रिज सांगतो, दुसऱ्या बाई लोणच्याचं प्रमाण सांगतात. तुम्ही दोन्ही एकाच पत्रिकेवर घातलंत, हे मला पटलं. आपल्या या उल्हास-वालधुनीच्या खोऱ्यात हे एकच काम होतं. मे महिना लागला की घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी सुरू व्हायची.

पावसाचे चार महिने. लाकूडफाटा भिजलेला, ओढ्यापलीकडची वाट बंद, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या. मग सुके बोंबील, जवळा, सुकट, कडवे वाल, पांढऱ्या कांद्याच्या माळा, आमसुलं, कुटलेला मसाला, खडेमीठ हे सगळं घरात भरायचं आणि पडवीत गोवऱ्या आणि सरपण रचायचं. यातला बहुतेक माल उन्हावर तयार झालेला असे. श्रावणातल्या जेवणाची ऊर्जा वैशाखातच सूर्याकडून घेऊन ठेवलेली असायची, आणि तीही फुकट. फ्रिजचं तसं नाही. तो म्हणजे भाड्याची खोली. माल आत आहे तोवर रोज पैसे मोजायचे, आणि वीज गेली की माल रस्त्यावर.

वीज जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. २६ जुलै २००५ ला बदलापुरात नदी घरांत शिरली. २०१९ च्या जुलैअखेरीस बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. अशा वेळी फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, त्यापुढे दूध, मासे, शिजवलेलं अन्न भरवशाचं राहत नाही. माळ्यावरच्या डब्यातल्या सुकटीला मात्र वीज गेल्याचं कळतही नाही.

हे टिकतं कसं, ते थोडं पाहू. जंतूंना आणि बुरशीला लागतं ते मोकळं पाणी. ते उन्हाने काढून घ्या, नाहीतर मिठाने किंवा साखरेने बांधून ठेवा. जंतू तहानलेले राहतात. तिसरा उपाय आंबटपणाचा. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असे दोन पहारेकरी असतात, आणि वरचं तेल हवा अडवतं. एक इशारा इथेच देतो. हल्ली सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची टूम निघाली आहे. तेल हवा अडवतं खरं, पण हवेविना वाढणारे विषारी जंतूही असतात आणि त्यांना अडवायला तिथे आंबटपणा नाही. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि पुरेसं मीठ घालून रीतसर लोणचं करा, नाहीतर लसूण पाकळ्यांतच राहू द्या.

मडक्यात मडकं ठेवून मधल्या ओल्या वाळूने भाजी गार ठेवायची युक्ती तुम्ही वाचली असेल. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा यांना तिच्यासाठी २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. युक्ती नामी आहे, नागपूरला एप्रिलात छान चालेल. इथे नाही. पाणी वाळताना गारवा येतो आणि आपल्या दमट हवेत सावलीतलं पाणी लवकर वाळत नाही. मडक्याला बाहेरून घाम येईल आणि आत पालक कुजेल. आपल्याकडे गारवा मिळतो तो सावलीचा आणि जाडीचा. समोरचं अंबरनाथचं शिवमंदिर बघा, शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की मे महिन्यातही अंग निवतं, कारण भोवती काळ्या दगडाची जाड भिंत आहे आणि जमीन खाली आहे. घरात त्यातलं एवढंच जमेल: कांदे-बटाटे उत्तरेच्या भिंतीशी, जमिनीलगत, वारा खेळेल अशा टोपलीत, आणि दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं.

आता जांभूळ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. पण हे फळ मोठं अडचणीचं. झाडावरून उतरलं की दोन-तीन दिवसांत पाणी सोडतं, आणि पिकतं नेमकं ऊन संपताना. मेच्या शेवटी बाजारात येतं, त्याच्या मागोमाग पाऊस. त्यामुळे गर वाळवायचा रस्ता जवळजवळ बंद. बी वाळते: गर काढून धुवायची, अख्खी वाळवायची, वरचं टरफल तडकलं की फोडून आतली बी पुन्हा वाळवून दळायची. गराचा जॅम करतात, पण त्यासाठी तासभर गॅस आणि जवळजवळ गराएवढी साखर. माझं मत विचाराल तर शिरका, म्हणजे व्हिनेगर, करावा. गर कुस्करून, थोडी साखर घालून, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत भरायचा आणि वर फडकं बांधायचं. आधी फसफसतो, साखरेचं मद्य होतं, मग हवेतल्या जंतूंमुळे मद्याचं आम्ल होतं. महिना-दोन महिन्यांत आंबट, जांभळट शिरका तयार. गाळून बाटलीत भरला की फ्रिज लागत नाही. यात शेगडी एकदाही पेटवावी लागत नाही. वर केसाळ बुरशी दिसली तर मात्र हळहळ न करता ओतून द्यायचा.

इथे उल्हासनगरची आठवण काढायलाच हवी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आली. १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आलेल्या पाहुण्यापुढे पाणी आणि भाजलेला पापड ठेवायची त्यांची रीत. उडदाचा, मिऱ्यांचा तो पापड उन्हात एकदा वाळला की महिनोन् महिने टिकतो आणि भाजायला निखाऱ्यावर अर्धा मिनिट पुरतो. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला पाहुणचारासाठी याहून स्वस्त काय असणार!

आता शेगडीकडे वळतो. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला सत्तर किलोकॅलरी लागतात. उकळी आल्यावर ज्योत तशीच ठेवली आणि त्यातलं नुसतं पाव लिटर वाफ होऊन गेलं, तर तिथे एकशे पस्तीस खर्च होतात! म्हणजे उकळी आणण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट गॅस खिडकीबाहेर. मोठ्या ज्योतीवर खळखळणारं पाणी काही जास्त गरम नसतं, शंभर अंशांवर ते थांबतं. म्हणून उकळी आली की झाकण घालायचं आणि ज्योत बारीक करायची. कुकरचंही तेच. आत साधारण एकशे वीस अंश झाले की शिट्टीचं वजन उचललं जातं आणि पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर टाकलेली वाफ. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून वेळ मोजावा, शिट्ट्या मोजू नयेत. हे सांगितलं की घरात वाद होतो, मला ठाऊक आहे.

उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, हा विचार पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने टोकाला नेला. उसाचं पाचट शेतात जाळून टाकतात. त्याचा कोळसा करून कांड्या पाडायच्या, याबद्दल संस्थेला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशासाठी त्यांनी 'सराई' कुकर केला. खाली छोटी शेगडी, वर वाफेत एकावर एक डबे आणि भोवती बाहेरचं भांडं. शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी होते. कोळसा आपोआप विझतो आणि जेवण गरम राहतं. सराई नसली तरी तत्त्व घरी वापरता येतं: उकळता भात पाचेक मिनिटांनी उतरवून, झाकण घट्ट लावून, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवा. राजमा मात्र आधी भिजवून खळखळून दहा मिनिटं उकळल्याशिवाय असा ठेवू नका. त्यातलं विषारी द्रव्य मंद उष्णतेने जात नाही.

विजेबद्दल एकच सांगतो. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभर युनिट, तीनशे, पाचशे. तुम्ही वाचवता तो युनिट नेहमी सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातला असतो. तीनशेवीसवरच्या घराने वीस युनिट कमी केले तर ते वीसही तीनशेच्या वरच्या दराने वाचतात. म्हणून आधी फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढा, दारात कागद अडकवून रबर सैल झालं का पाहा, गरम पातेलं आत सारू नका.

आणि आता खरी अडचण. आगोटीला लागते गच्ची. अंबरनाथ-बदलापुरात गेल्या पंचवीस वर्षांत इमारतींवर इमारती उठल्या, गच्च्या ढीगभर झाल्या आणि बहुतेकांना कुलूप. गळती होते, मुलं चढतात, टाकीचं झाकण उघडं राहतं, अशी कारणं असतात आणि ती खोटी नाहीत. त्यात आपल्या हवेत कारखान्यांची धूळ. नुसत्या चटईवर पापड घालून चालायचं नाही. पण यालाही उपाय आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून निघालेल्या तरुणांनी सौर वाळवणयंत्र केलं, त्यांची एस-फोर-एस ही कंपनी मराठवाड्यातल्या बायकांकडून कांदा-टोमॅटो वाळवून घेते आणि २०२३ साली तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. झाकलेली, वारा जाईल अशी पेटी गच्चीत ठेवली की धूळ नाही, कावळा नाही.

गच्चीचं कुलूप उघडायला निमित्तही आहे. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांच्यासाठी सौरपॅनेलला अनुदान आहे. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय निघेलच. त्याच वेळी पॅनेलच्या दोन रांगांमध्ये वाळवणासाठी जागा सोडा आणि मार्च ते मे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गच्ची उघडी राहील, असा ठराव मांडा. अनुमोदन द्यायला शेजारच्या आजींना आधीच सांगून ठेवा. किल्ली बहुधा सेक्रेटरींच्या घरी असते आणि लोणचं त्यांनाही आवडतं.