आतड्यातील पहारा



पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे जन्मलेल्या या पुरुषाने पुढे पवनारजवळच्या सुरगावी, खांद्यावर फावडे घेऊन, गावचा मैला उचलण्याचे काम नेमाने केले. त्या सेवेकडे आपण बहुधा नैतिक दृष्टीने पाहतो. आज तिच्याकडे शरीरशास्त्राच्या अंगाने पाहू.

मैला वेळीच उचलला गेला नाही, तर गागोद्यासारख्या कोकणी गावात, पावसाळ्यातल्या उबदार, ओल्या नि सावलीच्या मातीत, मैल्याबरोबर पडलेली अंकुशकृमीची अंडी काही दिवसांत फुटतात. त्यांतील अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, रक्ताबरोबर फुफ्फुसात जाते, श्वासनलिकेतून घशाशी चढून गिळली जाते आणि अखेर लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त शोषू लागते.

शरीर मात्र हे निमूटपणे सोसत नाही. आतड्याच्या अस्तरात विरळ विखुरलेल्या गुच्छपेशी आहेत. त्यांचे खरे कार्य काय, याचा उलगडा २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांतून झाला. कृमीची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ नावाचे द्रव्य सोडून वर्दी देतात. ती पोचताच अस्तराखालच्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१३ स्रवतात, आणि त्याच्या हुकमाने चषकपेशी श्लेष्मा ओतू लागतात, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, एवढेच नव्हे तर नव्या गुच्छपेशीही निपजतात. जिवाणूला श्वेतपेशी गिळून टाकू शकते. सुमारे सेंटीमीटरभर लांबीच्या कृमीला गिळणे कोणत्याच पेशीला शक्य नाही, म्हणून त्याला धुऊन, ढकलून हुसकावण्याचा हा निराळा बंदोबस्त निसर्गाने केला आहे. इओसिनोफिल पेशी आणि आयजीई ही प्रतिद्रव्येही याच कामी येतात. तीच प्रतिद्रव्ये पुढे दम्यात नि शीतपित्तात आपल्याला छळतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

उंदराच्या आतड्यातील अशाच एका कृमीची या बंदोबस्तापुढे सुमारे दहा दिवसांत हकालपट्टी होते. माणसातला अंकुशकृमी मात्र वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. कारण तो स्वतःच्या स्रावांतून प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशींना चेतवतो, आणि शरीरही, सततच्या दाहाने आतडेच जखमी होऊ नये म्हणून, काही अंशी त्याच्याशी तडजोड करते. त्या तडजोडीची किंमत रक्ताने द्यावी लागते. ज्यांच्या अन्नात लोह आधीच तुटपुंजे, अशा गर्भवतींना नि शाळकरी पोरांना हा रोजचा रक्तक्षय पांडुरोगापर्यंत नेतो. त्या थकव्याला आळस म्हणणाऱ्यांचा मला विलक्षण विषाद वाटतो.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा उपक्रम २०१५ साली सुरू झाला आणि शाळांतून, अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मुलांना मिळू लागली, ही समाधानाची गोष्ट होय. गोळी आतड्यातले कृमी मारते. मातीतल्या अळ्यांपर्यंत तिचा अंमल पोचत नाही, आणि शरीरालाही ती कायमचे संरक्षण देत नाही. फेब्रुवारीत गोळी घेतलेले मूल आषाढात त्याच दूषित वाटेने अनवाणी गेले, तर नवी अळी त्याच्या कातडीतून शिरते आणि गुच्छपेशींना पुन्हा पहिल्यापासून वर्दी द्यावी लागते.