फोनवरची मराठी आणि आपली बोटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाणी, फुगड्या आणि बक्षीससमारंभ यांच्यामध्ये फोनवरील कीबोर्डाविषयी भाषण ठेवलेले पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. विषय रुक्ष खरा. पण आपल्या मंडळाचा निम्मा कारभार आता व्हॉट्सॲपवर चालतो, आणि तो कसल्या मराठीत चालतो हे आपण रोज पाहतोच.

श्रावणातल्या सहभोजनाच्या आदल्या रात्रीची गोष्ट घ्या. एकीने इंग्रजी अक्षरांत विचारले, ‘जेवण के-ए-डी-एच-आय?’ तिला विचारावयाचे होते ‘कधी’. दुसरीने वाचले ‘कढी’, आणि उत्तर दिले, ‘ताकाची, आले घालून.’ पी-ए-एल-आय या चार अक्षरांत तर पळी, पाळी आणि पाली तिन्ही मावतात. ‘उद्या चहाची पाळी तुमची’ हे वाक्य त्यांत कसे दिसते ते तुम्हीच पाहा. हसण्यावारी नेण्यासारखेच आहे हे. मात्र पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही.

भजनाच्या वर्गाची वेळ बदलण्याचा प्रश्न एकदा रात्री नऊ वाजता गटावर निघाला आणि सव्वानऊला निकालात निघाला. आमच्या वाड्यातील एका काकूंना ती वेळ मुळीच सोयीची नव्हती. त्या मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांच्या हातचे पत्र म्हणजे मोत्यांची माळ. पण त्यांचे अर्धे वाक्य होईपर्यंत निर्णय होऊन गेला होता. त्यांनी लिहिलेले पुसून टाकले आणि नमस्काराचे चित्र पाठविले. आपण सगळ्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. ज्यांना लवकर लिहिता येत नाही त्यांचे मत मंडळात पडतच नाही, अशी ही स्थिती आहे.

‘आमची बोटेच जाड, आम्हांला नाही जमायचे’ असे बायका चटकन म्हणून टाकतात. मला ते मान्य नाही. दोष बोटांचा नव्हे, बटणांचा. हिशेब करून पाहा. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. आपली व्यंजनेच तिसांहून अधिक, त्यांवर स्वर, काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे. फोनची रुंदी सुमारे सात सेंटिमीटर. तीत एका ओळीत दहा बटणे बसविली तर एकेकाला सात मिलीमीटर येतात. बोटाने दाबावयाची जागा सुमारे ९ मिलीमीटर तरी असावी, असे अँड्रॉइड फोनसाठी काम करणाऱ्यांना दिलेल्या मार्गदर्शनातच सांगितलेले आहे. म्हणजे ‘त’ दाबावा आणि ‘थ’ उमटावा यात नवल कसले!

शिवाय पुष्कळ कीबोर्डांची मांडणी हातासाठी नव्हे, टेबलासाठी केलेली आहे. भारतीय लिप्यांकरिता इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी सरकारी पुढाकाराने झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती दिलेली आहे. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्याच बटणावर ‘ख’, ‘ग’च्याच बटणावर ‘घ’. दहा बोटांनी लिहिणाऱ्याला ती फार सुरेख. पण ती जशीच्या तशी आपल्या तळहातावर आणून ठेवली, आणि आपण लिहितो एका अंगठ्याने, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी धरून.

ज्यांनी कचेरीत मराठी टंकलेखन केले त्यांना आणखी एक अडचण येते. जुन्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, कारण ती कागदावर आधी दिसते. फोनवर आधी ‘क’, मग वेलांटी. माझ्या बोटांना ही सवय मोडावयास बराच काळ लागला.

पवईच्या आय. आय. टी.तील आय. डी. सी. या अभिकल्प विभागाने २०१३ साली ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड काढला, त्यात मला आवडलेला विचार असा. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली, म्हणजे शाळेत पाठ केलेला क-ख-ग-घ येथे उपयोगी पडतो. ‘क’ दाबून धरला की त्याभोवती का, कि, की, कु, कू असे चक्र उघडते. बोट हवे तिकडे सरकवावे आणि उचलावे. आपण बाराखडी जशी शिकलो तशीच ती येथे बोटाखाली येते. नव्या माणसाने यंत्राची रीत शिकण्यापेक्षा यंत्राने माणसाला आधीच येत असलेल्या रीतीने वागावे, हे मला शहाणपणाचे वाटते.

इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची सोयही गुगलच्या जीबोर्डासारख्या कीबोर्डांत आहे. वर शब्दांची पट्टी येते. काल, काळ, कळ यांतून हवा तो निवडावा. आमच्या सुनांना तीच बरी वाटते. माझे म्हणणे एवढेच की पट्टीकडे न पाहता पुढे जाऊ नये.

आता ‘ऱ्य’चा प्रश्न. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगावयाचे. दर्या समुद्राचा आणि दऱ्या सह्याद्रीच्या. हा फरक मराठीला लागतो. त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘य’ असा क्रम आहे. पण तो ‘ऱ’ कोठे दडविलेला असतो! कोठे ‘र’ दाबून धरावा लागतो, कोठे दुसऱ्या पानावर जावे लागते. ‘ॲ’ची गोष्टही तशीच, युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आले. ‘ळ’ मात्र पहिल्याच पानावर हवा. त्याच्यावाचून बाळ, वेळ, जेवायला वाढलेले केळ, काहीच लिहिता यावयाचे नाही.

तोवर हाताशी आहे ते तरी नीट करून घ्या. जीबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डाची उंची वाढविता येते. बटणे मोठी होतात, चुका कमी होतात. बटण किती वेळ दाबून धरल्यावर दुसरे अक्षर यावे तेही ठरविता येते. हात कापत असेल तर ती वेळ वाढवावी. दाबलेले अक्षर वर मोठे दिसण्याची आणि बोटाला कंप जाणवण्याची सोय चालू ठेवावी. मधल्या शब्दात चूक असेल तर सगळे पुसू नये. मोकळ्या जागेच्या लांब बटणावर बोट सरकवले की खूण मागे जाते. बोलून लिहिण्याची सोयही चांगली, मात्र कुकरच्या शिट्ट्या सुरू असताना नको.

एक सावधगिरीची गोष्ट: कीबोर्ड आपण दाबलेले प्रत्येक अक्षर पाहू शकतो, बँकेचा परवलीचा शब्दसुद्धा. बाहेरचा नवा कीबोर्ड चालू करताना फोन स्वतःच तशी सूचना देतो. तेव्हा केवळ चित्रे सुंदर आहेत म्हणून कोणाचाही फुकट कीबोर्ड घेऊ नये.

कीबोर्ड पारखण्यासाठी मी एक वाक्य तयार केले आहे. फळ्यावर लिहून ठेवले आहे. ‘वाळवणाच्या दिवशी ॲल्युमिनिअमची परात व पळी आणावी, कढी कधी करावयाची ते आचाऱ्यांना कळवावे.’ चहा झाल्यावर प्रत्येकीने आपल्या फोनवर ते लिहावे. शेजारणीने घड्याळ पाहावे, आणि बोट कोणत्या अक्षरापाशी अडले ते कागदावर टिपावे. मदत मात्र करू नये. ते कागद चिटणीसबाईंकडे द्यावेत. जेथे सगळ्याच अडल्या ते अक्षर कीबोर्ड करणाऱ्यांना कळवू; फोनच्या दुकानात अभिप्राय लिहावयाची जागा असते, तेथे मराठीतच लिहू. आणि गटावर प्रश्न निघाला की उत्तरासाठी दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत थांबावे, असा ठराव मी आज अध्यक्षाबाईंकडे लेखी दिला आहे.