धीर मोजावा कसा?

पडलेला पाऊस मोजण्यास पर्जन्यमापक आहे, पिकलेलें धान मोजण्यास काटा आहे. परंतु पावसानें दगा दिला आणि हातचें धानहि गेलें, तरी पुढच्या मृगांत पुन्हां पऱ्हे टाकण्यास जो शेतकरी उभा राहतो, त्याचा धीर मोजण्यास कांहीं साधन आहे काय? मानसशास्त्रज्ञ म्हणतात, आहे. तें साधन कसें आहे आणि त्याचा उपयोग कोणत्या हेतूनें करावा, याचा विचार आज गोंदिया जिल्ह्यांतील शेतकरी डोळ्यांपुढें ठेवून करूं.

विदर्भांतील शेतकऱ्यांच्या हालांचा विषय निघाला कीं शहरांतील मनुष्यास कापूस आठवतो. २००६ सालीं केंद्र सरकारनें ज्या सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली, ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा हे कापसाचेच जिल्हे होते. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा मुलूख. येथील संकटें निराळीं. रोवणीच्या वेळीं आभाळ कोरडें राहतें. पीक भरात असतां तुडतुडा पडतो. कापलेल्या धानाच्या कडपा शेतांत पडल्या असतां अवकाळी पाऊस गांठतो. आणि धान विकलें, तरी चुकाऱ्याची वाट पाहण्याची पाळी येते.

असे आघात सोसून पुन्हां सांवरणारी जी मनाची शक्ति, तिला आपण मनोधैर्य म्हणूं. कॅथरिन कॉनर व जोनाथन डेव्हिडसन या दोघांनीं २००३ सालीं तिचें एक माप प्रसिद्ध केलें. त्यांत पंचवीस विधानें आहेत. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडतें, हें उत्तर देणारानें शून्यापासून चारपर्यंत गुण देऊन सांगावयाचें. सर्वांची बेरीज जास्तींत जास्त शंभर. युक्ति सोपी आहे. पण येणाऱ्या आंकड्याचा अर्थ लावणें तितकें सोपें नाहीं.

पहिली अडचण ऋतूची. तमिळनाडूंतील ४६४ ऊंस-शेतकऱ्यांची एक परीक्षा २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच माणसांना तोडणीपूर्वीं, हात तंग असतांना, कोडीं घातलीं, आणि तोडणीनंतर, पैसा हातीं आल्यावर, पुन्हां घातलीं. दुसऱ्या खेपेस तींच माणसें अधिक चांगलीं उतरलीं. त्यांची बुद्धि कांहीं चार महिन्यांत वाढली नव्हती. चिंतेचें ओझें उतरलें होतें. ही परीक्षा बुद्धीची होती, धैर्याची नव्हे. तथापि तिच्यापासून एक बोध घेण्यासारखा आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला आषाढांत विचारलेला प्रश्न आणि चुकारा मिळाल्यावर विचारलेला तोच प्रश्न, यांचीं उत्तरें एकच येतील असें धरून चालतां येणार नाहीं. म्हणून मोजावयाचें तर वर्षांतून अनेक वेळां मोजावें.

दुसरी अडचण अशी कीं, धीर एकट्या मनांत राहत नाहीं. एमी वर्नर या विदुषीनें हवाई बेटांतील कवाई येथें १९५५ सालीं जन्मलेल्या मुलांचें आयुष्य कित्येक दशकें तपासलें. दारिद्र्य व गृहकलह यांत वाढलेल्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें उत्तम निपजलीं. आणि अशा मुलांच्या पाठीशीं निदान एक तरी मायेचें माणूस उभें असल्याचें तिला आढळलें. शेतकऱ्याच्या पाठीशीं माणसांप्रमाणें पाणीहि लागतें. गोंड राजांच्या अमलांत कोहळी लोकांनीं या भागांत शेंकडों तलाव बांधले. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून 'मामा तलाव' झाले. त्यांतले पुष्कळ आज गाळानें उथळ झाले आहेत. भरल्या तलावाखालचा शेतकरी आणि निव्वळ पावसावरचा शेतकरी यांच्या गुणांत फरक पडला, तर तो मनांतला म्हणावा कीं तलावांतला?

तिसरी गोष्ट, विचारावें कोणाला? सात-बारावर ज्याचें नांव, त्यालाच प्रश्न विचारले, तर चिखलांत वांकून रोवणी करणारी बाई गणतींतच येणार नाहीं.

मग मोजूं नये काय? अवश्य मोजावें. अमरावती जिल्ह्यांतील तीस खेड्यांत 'विश्राम' नांवाचा उपक्रम झाला. गांवांतल्याच कार्यकर्त्यांना शिक्षण देऊन त्यांनीं खिन्नतेच्या विकाराविषयीं घरोघर बोलावें, अशी त्याची योजना होती. या विकारानें पीडलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ४.३ लोक उपचारापर्यंत पोंचत. अठरा महिन्यांनीं हें प्रमाण शेंकडा २७.२ झालें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. येथें मोजणीमागून माणूस दारीं गेला, म्हणून मोजणीचें चीज झालें.

धोका आहे तो उलट्या वापराचा. 'हे लोक मूळचेच चिवट, यांना मदत कशाला?' असें म्हणण्यास गुणांची बेरीज पुढें केली, तर तें माप शेतकऱ्यावरच उलटेल. ज्याचे गुण कमी, तो दुबळा ठरवूं नये. त्याच्या तलावांतला गाळ, त्याचें कर्ज आणि त्याचा अडलेला चुकारा आधीं पाहावा. ज्याचे गुण अधिक, त्याचा धीर कशाच्या आधारावर उभा आहे तें शोधावें आणि तो आधार शेजाऱ्यालाहि मिळवून द्यावा. मन फारच खचलें असेल त्याला, अगर त्याच्या घरच्यांना, २०२२ सालापासून चालू असलेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर बोलतां येतें, हेंहि गांवोगांवीं माहीत व्हावें.

वैद्य ताप मोजतो तो औषध ठरविण्यासाठीं. शेतकऱ्याचा धीर मोजावयाचा तो त्याच न्यायानें.