ग्रंथपालाची पदवी आणि ग्रंथपालाचे पद

(ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या नवपदवीधरांच्या निरोप समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी अभिनंदनाचे चार शब्द बोलून खाली बसावे, असा रिवाज आहे. परंतु 'पुढे काय?' हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात घोळत असता केवळ गोड बोलणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या 11,000 च्या घरात आहे. एवढी ग्रंथालये असताना पदवीधराला काम का मिळू नये? याचे उत्तर अनुदानाच्या हिशेबात आहे. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेले. त्याचा निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे दरमहा 2,000 रुपये. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी एवढी रक्कम आठवडाभरात मिळवतो. मग गावच्या ग्रंथालयात शिकलेला ग्रंथपाल टिकत नाही, याचा दोष त्याच्या निष्ठेला कसा द्यावा?

डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते आले, त्यात अधिक वेतनाचा भाग होताच. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकाला जे वर्ज्य नव्हते, ते तुम्हीही संकोच न बाळगता विचारावे.

महाविद्यालयातील पदासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट अथवा सेट परीक्षा लागते. तेथे वेतन चांगले; परंतु निवृत्तीने रिकामे झालेले पद भरण्याची मान्यता येईपर्यंत उमेदवाराची उमेदीची वर्षे निघून जातात. माध्यमिक शाळेतील पद विद्यार्थिसंख्येवर ठरते, त्यामुळे लहान शाळेत ते निर्माणच होत नाही. वृत्तपत्रे, औषध कंपन्या, बँका यांना माहितीची मांडणी जाणणारी माणसे लागतात. मात्र तेथे पदाचे नाव 'ग्रंथपाल' असेलच असे नाही. जाहिरात वाचताना नावावर अडू नका.

काम नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. अशा जुन्या संस्थांतून मराठी नियतकालिकांचे जे बांधीव खंड जपले गेले, त्यांचा कागद दिवसेंदिवस ठिसूळ होत जातो. त्यांच्या प्रतिमा घेणे, सूची करणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे. खेड्यांत तर कित्येक ठिकाणी दाखल नोंदवहीशी कपाटातील पुस्तके जुळत नाहीत. 'कोहा'सारखी संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. ती चालवणारा हात विनामूल्य मिळत नाही, आणि मिळूही नये.

म्हणून सरपंच मंडळींपुढे एक सूचना ठेवतो. एका गावाला पूर्ण वेतन झेपत नसेल, तर जवळच्या पाच-सहा गावांनी मिळून एक पदवीधर नेमावा. प्रत्येक गावी आठवड्यातून एक दिवस त्याने तालिकीकरण, खरेदी व शाळेतील मुलांचे वाचन पाहावे. रोजची देवघेव स्थानिक सेवकाने करावी. अनुदानात कमी पडेल ती रक्कम पंचायतींनी स्वनिधीतून वाटून घ्यावी. पहिल्या वर्षी कुरबुरी होतील, पुस्तके कोणाच्या गावी आधी यावीत यावरून वादही होतील. ते होऊ द्यावेत.

ज्यांना हे पटते, त्यांनी समारंभानंतर थोडे थांबावे. तालुक्याचा नकाशा मी बरोबर आणला आहे. कोणती गावे एकत्र येऊ शकतील, ते आताच पाहू.