थायी बांधव आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी मोरिवली येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला सांगितले, तुम्ही थायलंड बघून आलात, तर तिथल्या आणि आपल्या चालीरीतींबद्दल दोन शब्द बोला. थायलंडचे नाव काढले की आपली तरुण पोरं गालातल्या गालात हसतात, हे आम्हाला माहीत आहे. पण आम्ही आठ-दहा जण गेलो होतो ते विहार बघायला. जे पाहिले आणि मनाला जे लागले, तेच सांगणार आहोत.

पहिली गोष्ट ही की थायी माणूस आपल्याला परका नाही. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्राला तिसरी संगीती झाली. त्यानंतर धम्मप्रचारासाठी दाही दिशांना भिक्खू पाठवले गेले, असे महावंस सांगतो. सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला गेले आणि धम्मरक्खित थेर अपरांताला आले. अपरांत म्हणजे आपलाच हा कोकण किनारा, सोपाऱ्यापासून कल्याणपर्यंतचा. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली खणून काढला गेला. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दानी उपासकांची नावे कोरलेली आहेत. आणि सुवर्णभूमी हे नाव आज बँकॉकच्या विमानतळाला आहे. म्हणजे एकाच घरातून निघालेले हे दोन दिवे. त्यांचा तेवत राहिला. आपला शेकडो वर्षे विझलेला होता, तो बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पुन्हा पेटवला.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट ऐका. नागपूरच्या दीक्षेनंतर आठच दिवसांनी, २२ ऑक्टोबर १९५६ रोजी, थायलंडचे राजे भूमिबोल यांनी मुंडण करून चीवर धारण केले आणि पंधरा दिवस ते बँकॉकच्या बोवोननिवेत विहारात भिक्खू म्हणून राहिले. इकडे लाखो दलित माणसे धम्मात येत होती आणि तिकडे एक राजा भिक्षापात्र हातात घेत होता. राजाने काही दिवस चीवर घ्यावे याचे त्या देशात कुणाला नवल वाटत नाही. तिथे मुलगा वयात आला की लग्नाआधी काही दिवस किंवा वर्षावासाचे तीन महिने भिक्खू होतो. सरकारी नोकराला त्यासाठी पगारी रजासुद्धा मिळते. आईबापाला त्याचे पुण्य लाभते अशी त्यांची श्रद्धा आहे. आपल्याकडे दहा दिवसांचे श्रामणेर शिबीर लागले तर आपण काय म्हणतो? "पोराची परीक्षा आहे, क्लास बुडेल, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचे वर्ष काही येत नाही.

भाषासुद्धा कानाला ओळखीची वाटते. शिक्षकाला ते ख्रू म्हणतात, म्हणजे आपला गुरू. प्राध्यापकाला आचान, म्हणजे आचार्य. टीव्हीला थोरथात, म्हणजे चक्क दूरदर्शन! भेटल्यावर हात जोडून मान लववतात, त्याला वाय म्हणतात. लहानाने आधी करायचे आणि मोठ्याने त्याला उत्तर द्यायचे. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही आणि बुद्धमूर्तीकडे पाय करून बसायचे नाही. आपल्या विहारात वंदना चालू असताना आपण पाय पसरून, भिंतीला टेकून गप्पा मारतो, ते त्या वेळी आठवले.

आता एक प्रसंग सांगतो. एका विहारात आमच्यातल्या एका ताईंनी दानाची वस्तू भन्तेंच्या हातात द्यायला हात पुढे केला. भन्ते एक पाऊल मागे सरले. त्यांनी समोर एक वस्त्र पसरले आणि वस्तू त्यावर ठेवायला खुणावले. ताईंचा चेहरा एकदम उतरला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "लहानपणी गावात दुकानदार आम्हाला वरून पाणी ओतायचा, पैसे खाली ठेवायला सांगायचा. तेच आठवलं बघा." आम्ही सगळे गप्प झालो. मग आमच्या वाटाड्याने समजावले, की हा भिक्खूंचा नियम आहे. स्त्रीच्या हातून ते थेट काही घेत नाहीत, मग ती राणी असो की झाडूवाली. यात जात नाही. हे ताईंना पटले. पण त्यांनी पुढे एक प्रश्न विचारला तो आम्हाला आजही सुटलेला नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, जात नाही. पण बाईने भिक्खुणी व्हायचं ठरवलं तर?"

बंधू-भगिनींनो, थायलंडच्या संघाने १९२८ साली स्त्रियांना दीक्षा देण्याला मनाई केली आणि आजही तिथला अधिकृत संघ भिक्खुणींना मान्यता देत नाही. धम्मनंदा नावाच्या एका विदुषीने २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली, तेव्हा तिथे मोठी खळबळ झाली. याबाबतीत आपण पुढे आहोत असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे उपासिका वंदना घेतात, प्रवचन करतात आणि महिला मंडळे विहार चालवतात. हे बाबासाहेबांचे देणे आहे, ते सांभाळले पाहिजे.

पाण्याचा विधी मात्र दोघांचाही एकच. आपल्याकडे माणूस गेला की आपण जलदान आणि पुण्यानुमोदन करतो. थायी लोकही दान दिल्यावर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हळूहळू पाणी ओततात आणि ते पुण्य दिवंगतांना अर्पण करतात. फरक एवढाच की हे ते दुःखाच्या घरीच करतात असे नाही, रोजच्या दानानंतरही करतात. लग्नातसुद्धा वडीलधारी माणसे शंखाने वधूवरांच्या हातावर पाणी सोडतात. आणि ऐका, तिथे पैसे मुलाकडचे मुलीच्या आईबापाला देतात. त्याला सिनसोत म्हणतात. बाईला किंमत लावणे म्हणून तीही चाल काही चांगली नाही. पण आपण काय करतो? पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, सगळे शिस्तीत. आणि आदल्या रात्री हळद, डीजे आणि "मुलीच्या खुशीने" दिलेली मोटारसायकल!

आता थोडे कटू बोलतो. थायलंडमध्ये घराघरासमोर, दुकानासमोर खांबावर एक छोटे देऊळ असते. जागेच्या देवतेसाठी तिथे रोज फुले आणि सरबत ठेवतात. गळ्यात ताईत घालतात. बँकॉकच्या भर चौकात चार तोंडांच्या ब्रह्मदेवाची मूर्ती आहे, तिच्यापुढे नवस फेडायला रांग लागते. ही मूर्ती बसली तीही १९५६ सालीच! त्या वर्षी बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. तेव्हा आम्हाला जरा अभिमान वाटला. पण परतीच्या विमानात आमच्यातलेच एक काका हळूच म्हणाले, "आपल्या घरातल्या कपाटात कुलदैवताचा टाक कुणाकुणाच्या आहे, हात वर करा." एकही हात वर झाला नाही आणि कुणी कुणाकडे बघितलेही नाही. थायी माणसाने ते उघड दारात मांडले आहे, आपण कपाटात ठेवतो. मग हसायचे कुणाला?

त्यांच्याकडून घेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे विहार. विहाराला ते वात म्हणतात. पहाटे भिक्खू पात्र घेऊन निघतात. वस्तीतल्या बाया, म्हातारे, दुकानदार दारात भात घेऊन उभे असतात. पूर्वी गावची शाळा विहारातच भरायची. आजही गरीब घरची मुले विहारात राहून शिकतात. म्हणजे विहार रोज उघडा आणि रोज कामाचा. आपल्याकडे दर काही गल्ल्यांनंतर एक विहार आहे. किती ठिकाणी थायलंडहून आलेली सुंदर बुद्धमूर्तीही आहे. पण दाराला कुलूप असते. चावी कुणाकडे आहे ते शोधावे लागते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ६५ लाखांवर होतो, देशातल्या बौद्धांपैकी चारांत तीन. म्हणजे संख्या कमी नाही. थायलंडहून शंभराहून अधिक भिक्खू २०२३ साली परभणीहून चैत्यभूमीपर्यंत पायी चालत आले, तेव्हा रस्त्यावर लोटलेली गर्दी सर्वांनी पाहिली. मग श्रद्धा नाही असे कसे म्हणावे? श्रद्धा आहे, पण रोजची सवय नाही.

आणखी एक योगायोग सांगून संपवतो. १४ एप्रिलला आपण जयंती साजरी करतो. त्याच दिवसांत, १३ ते १५ एप्रिल, थायी लोकांचे नववर्ष सोंगक्रान असते. तरुण मंडळी रस्त्यावर पाणी उडवतात, पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. १३ तारीख तिथे वृद्धांचा दिवस आणि १४ तारीख कुटुंबाचा दिवस मानतात. आपण मिरवणुकीला निघण्याआधी दीक्षा घेतलेल्या पिढीतले जे कुणी घरात उरले आहेत, त्यांच्या पायाशी पाच मिनिटे बसलो तर काय बिघडेल?

आमची समितीला एवढीच विनंती आहे. या वर्धापनदिनापासून रोज संध्याकाळी दोन तास विहार उघडा ठेवा. मुले अभ्यासाला बसू द्या, भगिनींना वंदना घेऊ द्या. चावीची पाळी आम्ही थायलंडला गेलेले आठ-दहा जण वाटून घेऊ. पहिला आठवडा आमचा.

जयभीम! नमो बुद्धाय!