युनिटांचा ताळेबंद



दिवे बंद करा, पंखे बंद करा, वीज वाचवा, असं सांगायला मी आलेलो नाही. ते सांगायला सरकारी कचेऱ्यांच्या भिंती पुरेशा आहेत. मला बोलायचंय ते वीज विकणाऱ्यांबद्दल, आणि त्यातही ज्या संस्था तुमच्या-माझ्या मालकीच्या म्हणवल्या जातात त्यांच्याबद्दल. महावितरण राज्य सरकारची. मुंबईतली बेस्ट महापालिकेची. गोव्यात तर कंपनीही नाही, सरकारचं वीज खातंच घरोघर वीज पुरवतं. आणि सहकारातलं नाव घ्यायचं तर नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. अशा संस्थेकडे वीज किती आली, ग्राहकाला किती पोचली आणि वाटेत किती गेली, याचा हिशेब तिनं कुणाला आणि कसा द्यायचा, एवढाच आजचा विषय.

खासगी कंपनीला भागधारक विचारतो, बँक विचारते, शेअर बाजार रोज गुण देतो. सरकारी किंवा सहकारी वीजसंस्थेला विचारणारं कोण? कागदावर आपण सगळे. प्रत्यक्षात आपण बिलाची रक्कम बघतो, चुकीची वाटली तर सेक्शन ऑफिसला जाऊन भांडतो आणि घरी येतो.

मुळा-प्रवरेपासून सुरुवात करू. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं आणि त्याच सुमारास देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात श्रीरामपूरला मुळा-प्रवरा, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडीनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. नमुना अमेरिकेचा होता. तिथे १९३५ मध्ये रूझवेल्टनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, शहरातल्या कंपन्या शेतावर तारा न्यायला तयार नव्हत्या म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच्या सोसायट्या काढल्या, आणि त्या सोसायट्यांच्या राष्ट्रीय संघटनेची माणसं आपल्याकडे सल्ल्याला आली. साखर कारखाना आणि दूध संघ चालवणाऱ्या मुलखाला हे परकं वाटायचं कारण नव्हतं. वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ द्यायची.

श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासा या पट्ट्यातली गावं या संस्थेनं उजळली, हे नाकारता येणार नाही. पण घाऊक विजेची थकबाकी वाढत वाढत दोन हजार कोटींच्या पुढे गेली आणि ३१ जानेवारी २०११ ला परवाना संपला. राज्याच्या वीज नियामक आयोगानं तो भाग महावितरणला दिला. दोष संचालकांचा, घाऊक दराचा, की शेतीपंपच जास्त आणि कारखानदारी कमी अशा कार्यक्षेत्राचा, हा वाद मी इथे काढत नाही. कोर्टकचेऱ्यांत तो पुरेसा झाला आहे. मला वेगळीच गोष्ट खटकते. सहकारी कायदा संस्थेकडून काय मागतो? लेखापरीक्षण झालेली जमाखर्चाची पत्रकं आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सभा. सगळं रुपयांत. साखर कारखान्याच्या अहवालात निदान किती टन उसाचं गाळप झालं आणि उतारा किती पडला हे छापलेलं असतं, आणि सभासद उताऱ्यावरून चेअरमनला घाम फोडतो. वीज संस्थेचा उतारा म्हणजे शंभर युनिट घेतले तर किती युनिटांचं बिल झालं. तो फीडरवार, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वाहिनीगणिक, सभेपुढे ठेवा, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तसा युनिटांचा हिशेब मागणारा नियम देशात आला तो मुळा-प्रवरेचा परवाना संपून दहा वर्षं झाल्यावर. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यात आधी सिमेंट, पोलाद, खत असे भरपूर ऊर्जा खाणारे कारखाने घेतले. वीज वितरण कंपन्या नंतर आल्या, आणि सप्टेंबर २०२० मध्ये वितरणाचा परवाना असलेली प्रत्येक संस्था या कायद्याखाली ‘डेझिग्नेटेड कन्झ्युमर’ ठरली. वीज विकणाऱ्याला विजेचा ग्राहक ठरवणं वरवर विनोदी वाटतं, पण विचार बरोबर आहे. तारांत आणि रोहित्रांत जळणाऱ्या विजेचा ग्राहक तोच असतो. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं विनियम काढले. दर तिमाहीला प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापकाकडून युनिटांचा हिशेब, तोही तिमाही संपल्यापासून साठ दिवसांत. वर्षातून एकदा बाहेरच्या मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी. दोन्ही अहवाल लोकांसाठी खुले. आपल्याकडे महाऊर्जा ही या कामाची राज्यातली यंत्रणा.

नियम चांगला आहे, हे आधी म्हणून टाकतो, कारण पुढे मी त्याच्यावर बोट ठेवणार आहे.

हिशेबाची गणितं सोपी असतात, अडचण असते ती मीटर कुठे आहे याची. समजा एका फीडरवर शंभर युनिट आले. साठ युनिटांची बिलं मीटर बघून झाली. उरले चाळीस. या चाळिसांत शेतीपंप आहेत, गळती आहे आणि चोरून तारेवर टाकलेले आकडेही आहेत. महावितरणकडे चाळीस लाखांच्या वर शेतीपंप. त्यातल्या फार मोठ्या संख्येला मीटरच नाही, हॉर्सपॉवरवर बिल जातं. ज्यांना मीटर आहेत त्यातले कित्येक बंद, किंवा रीडिंग न घेता सरासरीनं लिहिलेले. मग पंपांनी किती वीज घेतली हे ठरवायचं कसं? अंदाजानं. पाच हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे ढोबळमानानं ३.७३ किलोवॅट. तो वर्षात १,६०० तास चालला असं लिहिलं तर ५,९६८ युनिट होतात. १,००० तास लिहिले तर ३,७३०. एका पंपामागे सव्वादोन हजार युनिट इकडचे तिकडे झाले आणि शेतकऱ्यानं स्टार्टरला हातही लावलेला नाही. पंपाच्या नावावर जास्त लिहिलं की गळती तेवढीच कमी दिसते. लाइनमन खांबावर न चढता, एकही डीपी न बदलता कंपनी कार्यक्षम होते.

हे माझं कल्पनारंजन नव्हे. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हेच वर्षानुवर्षं सांगत आली. पुण्याच्या ‘प्रयास’नंही आयोगापुढे या आकड्यांवर सातत्यानं बोट ठेवलं. अखेर नियामक आयोगानं शेतीच्या वीजवापरावर कार्यगट नेमला, आणि मार्च २०२० च्या दरनिश्चितीच्या आदेशात शेतीचा वापर कमी धरून वितरण हानी जास्त धरली. आदल्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी तारांतून वीज तेवढीच वाहत होती, बदललं ते हिशेबाचं पान.

आता या पार्श्वभूमीवर २०२१ च्या विनियमाकडे बघा. लेखापरीक्षक बाहेरचा आहे, पण त्याची फी कंपनीच देते. तो येतो, काही उपकेंद्रं बघतो, पण राज्यभरच्या प्रत्येक रोहित्रावर तो जाणार कुठून? त्याला कंपनीच्या संगणकातले आकडे घ्यावेच लागतात. रोहित्रांना संदेश पाठवणारे मीटर बसवा असं विनियमांत आहे, मुदतीही घातल्या आहेत. पण बिनमीटरच्या पंपाचा रकाना अंदाजानं भरायची मुभा जोवर आहे, तोवर अहवालाची शेवटची टक्केवारी त्या रकान्याच्या मर्जीवर चालणार.

दुसरी एक गंमत. आपल्याकडे यशापयश मोजायला ‘एटी अँड सी लॉस’ नावाचं माप वापरतात. २०२१ च्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेत देशभराचं उद्दिष्ट याच मापात होतं, २०२४-२५ पर्यंत १२ ते १५ टक्के. या मापात किती युनिटांचं बिल झालं आणि किती रुपये वसूल झाले, या दोन गोष्टींचा गुणाकार असतो. म्हणजे एखाद्या वर्षी सरकारनं मागची थकलेली सबसिडी एकदम दिली की वसुली शंभर टक्क्यांच्याही वर जाते आणि लॉस खाली येतो. तारा त्याच, रोहित्रं तीच, जळालेले युनिटही तेवढेच. बँकेला हे माप उपयोगाचं असेल, पण कार्यक्षमतेच्या अहवालात ते पहिल्या पानावर यावं हे मला पटत नाही. रुपये आणि युनिट एका पातेल्यात घातले की कोणतं करपलं ते कळत नाही.

वाचवलेल्या विजेचा अहवाल तर याहून अवघड. २००९ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या भागात देशातला पहिला पथदर्शी प्रयोग झाला. जुने पंप काढून २,२०९ नवे स्टार रेटिंगचे पंप बसवले, शेतकऱ्याच्या खिशाला हात न लावता. किती वाचलं हे सांगायचं तर आधी किती लागत होतं ते हवं. ते मोजायचं मीटर नाही. शिवाय पाण्याची पातळी दरसाल बदलते, दुष्काळात पंप जास्त उंचीवरून ओढतो. आणि पंप चांगला असला की शेतकरी तेवढ्याच तासांत जास्त पाणी काढतो, ऊस दोन ओळी वाढवतो. त्यात त्याची चूक नाही. पण कागदावरची बचत विहिरीच्या तळाशी गेलेली असते, आणि पाण्याचा हिशेब विजेच्या अहवालात कुणी मागत नाही.

ज्या अमेरिकेकडून आपण वीज सहकार घेतला, तिथे काय चाललंय? तिथेही राज्याराज्यात फरक. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये मतदारांनी थेट मतदानानं कायदा केला. पंचवीस हजारांहून जास्त ग्राहक असलेल्या प्रत्येक वीजसंस्थेनं, मग ती लोकांच्या मालकीची असो की कंपनी, दर दोन वर्षांचं बचतीचं लक्ष्य जाहीर करायचं आणि वर्षाला अहवाल द्यायचा. लक्ष्य चुकलं तर कमी पडलेल्या दर मेगावॅट-तासामागे ५० डॉलर दंड, महागाईनुसार वाढणारा. कॅलिफोर्नियानं २००५ मध्ये सार्वजनिक वीजसंस्थांना सांगितलं की बचतीच्या कामांवरचा खर्च आणि त्याचं फळ दरवर्षी ऊर्जा आयोगाला कळवा, आणि तुमच्या ग्राहकांनाही कळवा. ग्राहकांना कळवण्याची ही अट मला महत्त्वाची वाटते. तिथली बचतही पुष्कळदा अंदाजाचीच असते, दर बल्बामागे इतके युनिट असा ठोकताळा लावून. आपल्या ‘उजाला’ योजनेच्या एलईडी बल्बांची बचतही त्याच पद्धतीनं काढतात. पण अहवाल कुणाच्या हातात पडणार हे ठरलेलं असलं की लिहिणारा जरा जपून लिहितो.

आपला अहवाल खुला आहे म्हणजे काय? संकेतस्थळावर, इंग्रजी तक्त्यांत, मंडलवार. मंगळवेढ्याच्या किंवा राहुरीच्या माणसाला त्याच्या फीडरचं काय झालं ते त्यातून कसं कळणार? मला साधे तीन आकडे हवेत. माझ्या फीडरवर किती युनिट आले, किती मीटरनं मोजून विकले, किती अंदाजानं लिहिले. मराठीत, तिमाहीतून एकदा, बिलाच्या मागच्या बाजूला. तिथे सध्या सूचनांची गर्दी आहे, ती थोडी कमी करता येईल. गळतीची टक्केवारी कंपनीनं काढून दिली नाही तरी चालेल, ती आम्ही काढू. हुक्केरी आणि सिरसिल्ला या संस्था अजून चालू आहेत. तिथला सभासद तर हे वार्षिक सभेत हक्कानं मागू शकतो, कारण तो नुसता ग्राहक नाही, मालकही आहे.

शेवटी एक बातमीची गोष्ट. गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्याचं काम आपल्याकडे बरंच आधी सुरू झालं. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर सौर प्रकल्पांना जोडले जात आहेत. दिवसा वीज मिळावी हा त्याचा हेतू, शेतकऱ्याची मागणीही तीच. पण त्यातून न मागता एक काम होतंय. सौर प्रकल्पवाल्याला युनिटमागे पैसे मिळतात, तेव्हा त्याच्या बाजूचा मीटर कधी बंद पडत नाही. फक्त शेतीचाच असलेल्या फीडरला किती वीज गेली हे उपकेंद्रातच मोजता येतं, तासांचा अंदाज बांधायला नको. निदान अशा फीडरपुरता तो अंदाजाचा रकाना रिकामा ठेवावा लागेल. पुढच्या दरनिश्चितीच्या सुनावणीला तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर एवढंच विचारा, की या फीडरांचे मोजलेले आकडे आणि याच फीडरांवर आजवर लिहिलेले अंदाज शेजारी शेजारी ठेवून दाखवा. सूचना-हरकती लेखी पाठवता येतात, ईमेलवरही चालतात.